आईचा हेल

आमच्या आईला मयताचं बोलावणं यायचं. हसू नका, खरं सांगते. तलासरीकडच्या आमच्या गावात कोणी गेलं की पहिला निरोप तिला, मग नातेवाइकांना. ती हातातली नाचणी सुपातच ठेवून निघायची आणि त्या घरी पोचली की दारातूनच हेल काढायची.

तिचं रडणं म्हणजे नुसते हुंदके नव्हते हो. गेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य ती रडत रडत सुरात सांगायची, आणि त्यात त्याच्या खोडीही यायच्या. ‘माझ्या दादा रे, शेजारणीची कोंबडी आपल्या अंगणात वळवणाऱ्या दादा रे, आता ती शेजारीण कोणाशी भांडेल रे...’ बायका पदराआड हसायच्या आणि मग अजून जोरात रडायच्या. मी एकदा विचारलं, "गेलेल्या माणसाचं असं का बोलतेस?" तर म्हणाली, "नुसतं चांगलं चांगलं बोललं तर माणूस वळखू येत नाय, बाय. कोणाचं पण मयत वाटतं."

लग्न होऊन मी डहाणूत आले. यांची टपाल खात्यात नोकरी, शेजार सगळा शिकलेला. इथे लोक मयताला येतात, हात जोडतात, घड्याळ बघतात. सासूबाई गेल्या तेव्हा आई पहिल्या बसने आली आणि जिन्यातूनच सुरू झाली. सासूबाई तपकीर पिठाच्या डब्यात लपवायच्या, तेही तिने सुरात सांगितलं. वरच्या मजल्यावरची माणसं वाकून बघायला लागली. मी तिचा हात धरून तिला आत नेलं. "आई, इथे असं करत नाहीत." ती भांडी घासायला बसली. त्यानंतर आमच्याकडे आली की दारातच विचारायची, "मोठ्याने बोलू का हळू?" मी म्हणायची, "हळू."

२०१६ साली हे गेले. मला रडूच येईना. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर कसला, तिसऱ्या दिवशीही पाण्याचा घोट उतरत नव्हता. आई शेजारी बसून होती, माझ्याच सांगण्याने गप्प. शेवटी मीच म्हटलं, "आई, बोल ना काहीतरी." तिने एकदा माझ्याकडे बघून घेतलं. ‘माझ्या जावया रे, बोंबलाच्या वासाने नाक धरणाऱ्या आणि जेवायला बसून चार खाणाऱ्या जावया रे...’ मला हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. वरच्या गुजराती काकी खाली आल्या, त्याही माझ्याजवळ बसून रडल्या. त्या संध्याकाळी मी भात खाल्ला.

दोन वर्षांनी आईने अंथरूण धरलं, म्हणून मी गावी जाऊन राहिले. भूकंपाचे धक्के सुरू झाले होते, भिंतीला तडे गेलेले, तेव्हा तिची खाट अंगणातच मांडली होती. एका सकाळी पेज भरवत होते, तर म्हणाली, "माझ्या वेळी काय बोलशील? आताच बोल."

"काहीतरीच काय, आई."

"मेल्यावर मला कुठे ऐकू येणार? बोल."

मी सुरू केलं. माझी कष्टाळू आई, माझी गुणाची आई. तिने हात हलवला. "अशी तर कोणाची पण आई असते. माझं सांग."

मी वाडगा खाली ठेवला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सुरात कुठून येणार, साधंच बोलले. "आई, मला तुझी लाज वाटायची. चार लोकांत तुला आणायला मी घाबरायची."

ती अंगणातल्या आंब्याच्या झाडाकडे बघायला लागली. मला वाटलं, दुखवलं मी तिला, आता या वयात, अशा वेळी.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "हे घे त्यात. पण सुरात घे, असं सपाट नको." आणि पेजेसाठी तोंड उघडलं.

होळीच्या आधी ती गेली. मी अंगणात बसून सगळं सांगितलं, लाजेसकट. आवाज कुठवर गेला, ते मी बघितलं नाही.