उजवं अ‍ॅलानिन आणि टँकरचं पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस हुलकावणी देत होता. मी तिथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि सोबत पीएच.डी.चं काम करायचे. माझे मार्गदर्शक नांदेडला. अधूनमधून एसटीनं जायचं, काम दाखवायचं आणि त्यांच्या शंका घेऊन परत यायचं. सरांचा कुणावरच विश्वास नसे. विद्यार्थ्यांच्या निकालांवर तर मुळीच नाही.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. दिसायला सारखीच, पण एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या रूपाची असतात. उजवं रूप सापडतं ते मुख्यतः जिवाणूंच्या भिंतीत. एवढे जिवाणू मातीत रोज मरतात, मग त्यांच्या भिंतीतलं उजवं अ‍ॅलानिन, म्हणजे असंच एक अमिनो आम्ल, जातं कुठं? ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ज्याच्याजवळ आहे असा जिवाणू मी शोधत होते. अ‍ॅलानिन फुटलं की अमोनिया सुटतो, आणि एक ठरावीक द्रावण टाकलं की अमोनियाची नळी पिवळी होते. शेजारी एक कोरी नळी ठेवायची. तिच्यात सगळं तेच, फक्त जिवाणू नाहीत. ती पिवळी होता कामा नये.

माती मी माहेरच्या गोठ्यातून आणली. आमचं गाव देवणीजवळ. गुरं छावणीला गेलेली, गोठा मोकळा. मी खुरप्यानं माती उकरू लागले तसे वडील जवळ आले.

"माती कशाला?"

"तपासायला. जिवाणू असतात तिच्यात."

"नव्या कलेक्टर कचेरीनं धाडलं का तुला? लोक म्हणून राहिलेत, जमिनी मोजणार हायेत."

आमच्या बौद्ध घराकडं जमिनीचा तुकडा आला तो वडिलांच्या हयातीत. मोजणी म्हटलं की तो हातचा जाईल, अशी त्यांना धास्ती. मी पुष्कळ समजावलं. ते हसले नाहीत.

"जिवाणू ने," ते म्हणाले, "पन कुठं सही करू नको."

त्या मातीनं मला जिवाणू दिला. त्याची नळी पिवळी झाली, कोरी तशीच राहिली. मी नांदेडला धावले. सरांनी चष्मा पुसत विचारलं, "तुमच्या बाटलीत डावं अ‍ॅलानिन मिसळलेलं नाही कशावरून?"

परत येऊन पुन्हा प्रयोग लावला, तर या वेळी कोरी नळीसुद्धा पिवळी झाली. काचेची भांडी नव्यानं धुतली, द्रावण नवं केलं, तरी पिवळीच. शेवटी प्रयोगशाळेच्या मोठ्या कॅनमधलं नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात द्रावण टाकलं. तेही पिवळं झालं. कपाटातली सील केलेली जुनी बाटली फोडली. तिच्यातलं पाणी मात्र स्वच्छ. म्हणजे कॅनमध्ये कुणीतरी अमोनिया असलेलं भलतंच पाणी ओतत होतं.

डिस्टिल्ड वॉटर तेव्हा दुर्मिळ झालं होतं. वाफ थंड करायला यंत्रातून सतत पाणी सोडावं लागतं, आणि ते आमच्या भिंतीतून गटारात वाहायचं. बाहेर टँकरच्या रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं आणि प्राचार्यांच्या दारात येऊन ओरडल्या, "तुमच्या मोरीतनं पानी वाहून राहिलंय, अन आमच्या घागरी कोरड्या!" तेव्हापासून यंत्र क्वचितच चालायचं.

प्रयोगशाळेची किल्ली तिघांकडं: विभागप्रमुख, मी आणि प्रात्यक्षिकं घेणारी माझी सहकारी. माझा संशय प्रमुखांवर गेला. त्यांचा स्वतःचा प्रबंध रखडला होता, आणि माझं काम पुढं सरकलेलं त्यांना खपत नव्हतं. ते टेबलाजवळून गेले तरी मी नळ्या मोजायचे. कॅनवर पेन्सिलनं पातळीची खूण केली. पातळी खुणेवरून हलेना, पाणी मात्र पिवळंच होत होतं.

एका दुपारी तास लवकर सोडून आले. सहकारी कॅनच्या तोटीखाली फिरकीचा तांब्या धरून बसली होती. शेजारी टँकरच्या पाण्याची बादली.

"काय करून राहिलीस?"

ती दचकली, मग रडायलाच लागली. "ताई, बाळाला जुलाब होऊन राहिलेत. टँकरचं पानी उकळलं तरी माझा जीव धजत न्हाई."

"अन ही बादली?"

"कॅनमधलं पानी उतरलेलं दिसलं की प्रमुख सर विचारतेत. म्हणून भरून ठेवते."

"कधीपासून?"

"याच हप्त्यापासून."

"त्याआधी?"

"न्हाई, ताई. खरंच न्हाई."

खरं मानावं की नाही, कळेना. तेव्हा कोरी नळी स्वच्छ राहिली होती, तरी पहिली पिवळी नळी आता मलाच खोटी वाटू लागली. पण आधी बाळ. तांब्या बाजूला ठेवून, तिच्या घरून बाळाला घेऊन आम्ही रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं आणि बाळाला ठेवून घेतलं. बाळ सावरलं. घरी नेताना ते आईच्या पदराशी खेळत होतं.

मग आम्ही दोघींनी यंत्राचं वाहतं पाणी ड्रममध्ये धरलं, आणि गार झालं की तेच पुन्हा यंत्रात सोडलं. टँकरच्या रांगेतल्या दोन बायका बघायला आल्या. एकीनं ड्रममध्ये हात घालून खात्री केली, तरी जाताना पाणी अजून कुठं वाहतंय का म्हणून कपाटामागं डोकावलीच.

सगळे प्रयोग मी पहिल्यापासून केले. जिवाणूची नळी पिवळी, कोरी नळी स्वच्छ. नांदेडला सरांनी जिवाणू माझ्याकडून घेतला, अ‍ॅलानिन आणि पाणी स्वतःचं वापरलं आणि मला बाहेर बसवलं. आत बोलावलं तेव्हा नळी पिवळीधमक होती.

"हं," ते म्हणाले. "विकर आहे. पण मध्ये कोरी नळी पिवळी का झाली होती?"

"कॅनमध्ये टँकरचं पाणी गेलं होतं, सर."

"कुणी घातलं?"

"कळलं नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला माहीत आहे."

मी नळ्या आवरायला लागले. पदवी मिळाल्यावरही भेट झाली की ते चहाचा कप खाली ठेवून विचारायचे, "सापडला का तो पाणीवाला?" मी मानेनंच नाही म्हणायचे, आणि ते ती मान निरखत राहायचे.