ब्रेकरपाशी उतरणं

मुलाची ती महागडी स्पोर्ट्स गाडी इतकी बुटकी होती, की दोघं बसलो की मोहाडीत आमच्या घराजवळच्या स्पीडब्रेकरला खालून घासायची. ब्रेकर आला की तो म्हणायचा, "बाबा, उतरा ना जरा." मी उतरून बडबडत चालायचो, एवढी भारी गाडी अन् बापाले पायी चालवते. तो पुढे थांबून, हसत, आतून दार उघडायचा.

मागच्या वर्षी ताप मेंदूत गेला आणि पोरगा गेला. गाडी अंगणात झाकून ठेवली, तर येणारा-जाणारा विचारायचा, "विकता काय?" डोकं फिरायचं माझं. शेवटी, मुलं तरी बसून फिरतील म्हणून, भंडाऱ्याच्या अंध मुलांच्या वसतिगृहाला देऊन टाकली. तिथला माणूस गाडी न्यायला आला. मुलांना भेटायला चला म्हणाला, म्हणून मीही शेजारी बसलो.

ब्रेकरपाशी गाडी हळू झाली आणि मी सवयीने दार उघडून उतरलो.

"काका, काहून उतरले?"

"खालून घासते ते," मी म्हणालो.

गाडी न घासता पार झाली. पुढे थांबून त्याने आतून दार उघडलं. मी रस्त्यातूनच हात केला, जा म्हणून.