ईशानच्या हाताचा कागद

स्नेहलच्या युनिटमध्ये टेबलावर साचा उघडा ठेवला होता आणि सावंतांनी त्याच्या आत खडूने एक पांढरी रेघ मारली होती. त्या रेघेपर्यंत वेल्डिंगने लोखंड भरायचं ठरलं होतं. वेल्डिंगवाल्याचा टेम्पो अकरा वाजता साचा न्यायला येणार होता. मी पावणेअकराला चारकोपला पोचले. हा सगळा खटाटोप मी लिहिलेल्या दोन ओळींमुळे चालला होता.

ईशान, मीरा, आज्जी या वयात खेळण्यांशी काय करते, असं तुम्ही मागे फोनवर विचारलं होतंत. मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि तेवढ्यात तुमची झोपायची वेळ झाली. म्हणून आता नीट लिहिते. आई वाचून दाखवेल. कामातले शब्द येतील ते तिथल्या तिथे सांगते.

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका खेळण्यांच्या कंपनीत मी एकतीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला होते. क्वालिटी म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूतल्या चुका शोधणं. या कामात फारसं कोणी तुम्हाला चहाला बोलवत नाही. रिटायर झाल्यावर लहान कारखानदार त्यांचे पहिले पीस माझ्याकडे पाठवू लागले. खेळणं बाजारात आणायचं तर ते लॅबमधून पास व्हावं लागतं. त्याआधी मी ते घरी वापरून बघते आणि काय खटकलं ते लिहून देते. त्याला आम्ही रिव्ह्यू म्हणतो.

स्नेहल वानखेडे पूर्वी माझ्या हाताखाली ट्रेनी होती. तिचे वडील विक्रोळीला एका मोठ्या कारखान्यात फिटर. ती लहानपणापासून मशीनच्या गोष्टी ऐकत वाढलेली, त्यामुळे मी ओरडले तरी रडायची नाही, उलट प्रश्न विचारायची. आता तिचं स्वतःचं युनिट आहे. इतकी वर्षं ती दुसऱ्यांसाठी झाकणं, हँगर, बादल्यांच्या कड्या असलं काय काय बनवत होती. हा ब्लास्टर तिने स्वतः डिझाइन केलेली पहिली वस्तू. ज्यात गरम प्लास्टिक भरून तो बनतो, तो लोखंडी साचा एकच होता आणि दुसरा करण्याची तिची ताकद नव्हती.

ब्लास्टर म्हणजे फोमचे मऊ डार्ट उडवणारं खेळण्यातलं पिस्तूल. हा अगदी छोटा, माझ्या चष्म्याच्या केसपेक्षा थोडा मोठा. आत दोन चाकं असतात, मोटरवर गरगर फिरतात. डार्ट त्यांच्यामध्ये ढकलला की चाकं त्याला चिमटीत धरून पुढे फेकतात. मुठीत धरल्यावर बोटांसमोर दोन ट्रिगर येतात. मधल्या बोटाने खालचा दाबला की मोटर सुरू होते, मग तर्जनीने वरचा दाबला की डार्ट सुटतो. दोन्ही एकाच वेळी दाबून धरावे लागतात.

मुलुंडच्या घरी मी तो आठवडाभर वापरला. दिवाणखान्याच्या दारापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत साडेचार मीटर होतात. कपाटाच्या काचेला कागद लावला आणि शंभर शॉट मारले. डार्ट सरळ जातो का, मोटर तापते का, बॅटरीचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं का, टेबलावरून पडला तर तुकडा निघतो का. सगळं वहीत लिहिलं. खेळणं चांगलं होतं. आवाजही गमतीचा होता, मोठ्या माशीसारखा.

बारा डार्ट मारायचे, मग उठून बारा डार्ट गोळा करून आणायचे. दोन सोफ्याखाली, एक फ्रिजच्या मागे. पूर्वी या घरात काहीही सोफ्याखाली गेलं की दोन जणं पालथी पडून ते काढायची, आणि कोणी काढलं यावरून भांडायची. आता मी झाडू उलटा धरून काढते. फ्रिजच्या मागचा तसाच आहे.

मग ट्रिगरची तपासणी आली. मुठीचा, म्हणजे हातात धरायच्या दांड्याचा, मागचा भाग आणि ट्रिगर यांच्यातलं अंतर मुलाच्या बोटांना झेपलं पाहिजे. नाही झेपलं तर मूल काय करतं? खेळणं दुसऱ्या हातात घेतं, उलटं फिरवतं आणि अंगठ्याने ट्रिगर दाबतं. तेव्हा नळीचं तोंड त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे असतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे, म्हणून या अंतराबाबत मी कोणाचं ऐकत नाही.

कंपनीत यासाठी लाकडी हात होते, वयाप्रमाणे वेगवेगळे. अशा मोजायच्या साधनाला गेज म्हणतात. कंपनी बंद झाली, तिच्याबरोबर ते हातही गेले. माझ्याकडे होता ईशानच्या हाताचा कागद. तुम्ही मागच्या वेळी आला होतात तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर त्याचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली होती. त्याला गुदगुल्या होत होत्या, म्हणून करंगळीची रेघ वाकडी आहे. तो कागद मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेला आहे. रोज समोर असतो.

स्नेहलच्या खोक्यावर "सहा वर्षांवरील" असं छापायचं होतं. ईशान साडेआठ वर्षांचा. मी कागदावरून पुठ्ठ्याचा हात कापला, बोटं दुमडली, ब्लास्टरवर धरला. मधलं बोट खालच्या ट्रिगरपर्यंत पोचतच नव्हतं. साडेआठ वर्षांच्या मुलाचं पोचत नाही, तर सहाच्या मुलाचं काय पोचणार? मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं: "ट्रिगरचं अंतर जास्त आहे. मूठ बारीक करावी." खाली सही केली, तारीख घातली आणि कागदाची झेरॉक्स जोडली.

प्लास्टिक जाड करणं सोपं असतं, साच्यातलं लोखंड थोडं कापायचं. बारीक करायचं तर साच्यात लोखंड भरावं लागतं. भरलेली जागा मूळच्यासारखी गुळगुळीत परत कधीच होत नाही. हे मला माहीत होतं. तरी लिहिलं, कारण प्रश्न मुलाच्या डोळ्यांचा होता. स्नेहलने फोनवर एवढंच म्हटलं, "तुम्ही म्हणताय तर करू मॅडम," आणि साचा पाठवायच्या आधी एकदा येऊन जायला सांगितलं.

तर मी पोचले. सावंत तिचे टूलरूमवाले, कणकवलीकडचे, साचे दुरुस्त करण्यात अख्खी हयात गेलेली. मला बघून ते चहावाल्याला म्हणाले, "मॅडम इल्यो. आता काय खरां नाय." अंधेरीत आम्ही एकाच कंपनीत होतो, तेव्हाही ते असंच म्हणायचे.

स्नेहल हसली नाही. तिने माझी झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि हाताने सपाट करत राहिली. मग म्हणाली की तिची भाची पहिलीत आहे, चणीने लहानखुरी, आणि आज सकाळी शाळेत जायच्या आधी तिचा हात या कागदावर ठेवून पाहिला. भाचीची बोटं रेघेच्या बाहेर आली.

मला राग आला. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी आला. मी म्हटलं, "कागद माझ्या नातवाचा आहे. मी स्वतः काढलाय. तो साडेआठ वर्षांचा आहे."

"आज आहे, मॅडम. कागद काढला तेव्हा किती होता?"

मी झेरॉक्स माझ्याकडे ओढून घेतली.

"कागदावर तारीख नाहीये," ती हळूच म्हणाली. "मी दोनदा पाहिलं."

आता तुम्हाला एक सांगायला हवं. अंधेरीत माझा एक नियम होता. प्रत्येक गेजवर तो केव्हा तपासला त्याची तारीख पाहिजे. तारीख नसलेला गेज दिसला की मी तो लाल डब्यात टाकायचे, मग तो कोणाचाही असो. स्नेहल ट्रेनी असताना तिचे तीन गेज मी एका दिवसात लाल डब्यात टाकले होते. माझ्या स्वयंपाकघरात हळदीच्या बरणीवरसुद्धा तारीख आहे. तुमची आई त्यावरून मला अजून चिडवते.

कागदावर तारीख नव्हती, कारण तेव्हा मी गेज बनवत नव्हते. विमानतळावर न्यायला खाली टॅक्सी उभी होती, तुमचे बाबा बॅगा जिन्यावरून उतरवत होते आणि मला ईशानचा हात अजून थोडा वेळ धरायचा होता. त्याला जर्सी घालायची होती, तो सारखा हात ओढत होता. मी म्हटलं, थांब, फक्त एक रेघ. तेव्हा तो साडेपाच वर्षांचा होता. त्यानंतर तुमचं येणं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं.

ईशान साडेआठ वर्षांचा आहे हे मला ठाऊक होतं. त्याचे पुढचे दात पडून पुन्हा आले, तेही मी पाहिलं. पण फोनवर चेहरा दिसतो. हात चौकटीच्या खाली असतात.

सावंत सगळं ऐकत होते. टेम्पो दारात लागला तेव्हा त्यांनीच बाहेर जाऊन तो परत पाठवला. आत येऊन माझ्याशी न बोलता साच्याशी बोलले, "ह्यां लोखंड आसा, कणीक न्हय. एकदा भरलां की भरलां." मग ओल्या फडक्याने खडूची रेघ पुसून टाकली.

मी स्नेहलला म्हटलं की रिव्ह्यू मी मागे घेते, तसं लेखी देते. ती म्हणाली, "लेखी नंतर द्या मॅडम. आधी चहा घ्या." तिने साखर न घालता दिला. माझी शुगर तिच्या लक्षात होती.

दुसऱ्या दिवशी, माझ्या सकाळी आणि तुमच्या संध्याकाळी, मी तुम्हाला कागदावर हात काढायला सांगितला तो यासाठी. शेजारी पट्टी ठेवा असं मी चार वेळा सांगितलं आणि मीरा कंटाळून म्हणाली, "आज्जी, कळलं." पट्टी नसेल तर फोटोवरून माप कळत नाही, हात कोणत्याही आकाराचा दिसतो. फोटो घेऊन मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याने प्रिंट काढून दिली. मी पर्समधली स्टीलची पट्टी फोटोतल्या पट्टीवर ठेवली. दहा सेंटिमीटरला सहा मिलिमीटर कमी भरत होते. तो म्हणाला, "आजी, फुल साइजच आहे ती." मी त्याला पट्टी दाखवली. तिसऱ्या प्रिंटला माप जुळलं. तोपर्यंत माझ्या मागे रांग लागली होती आणि एक कॉलेजची मुलगी विचारत होती की हे कोणाच्या हाताचं चाललंय.

घरी येऊन मी नवा हात जुन्यावर ठेवला. अठरा मिलिमीटरचा फरक होता. आमच्या कामात अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणं होतात. मी बराच वेळ दोन्ही कागद तसेच धरून बसले. मग जुना खाली ठेवला आणि नव्याचा पुठ्ठा कापला, कारण काम राहिलं होतं.

मधलं बोट खालच्या ट्रिगरवर बरोबर बसलं.

पण एका हातावर रिव्ह्यू लिहायचा नसतो. ही माझी दुसरी चूक होती आणि ती मला कोणी दाखवायच्या आधी मीच स्नेहलला सांगितली. रविवारी तिने तिच्या सेक्टरमधल्या सोसायटीतली मुलं अंगणात गोळा केली, सहा ते दहा वयाची चौदा जणं, सोबत त्यांच्या आया. मी खुर्ची टाकून वही घेऊन बसले. आठ आणि वरच्या सगळ्यांना दोन्ही ट्रिगर झेपले. सहा-सात वर्षांच्या सहाजणांपैकी दोघांना झेपले नाहीत, आणि त्यातल्या एकाने मी म्हटलं होतं तसंच खेळणं उलटं फिरवून अंगठा लावला. मी ब्लास्टर त्याच्या हातातून घेतला तेव्हा तो त्याच्या आईला म्हणाला, "चीटिंग करते ही आजी."

मग तपासणी संपली, तरी मुलं घरी जाईनात. अर्धा तास डार्ट उडत होते. मी खुर्चीतच होते. एक डार्ट माझ्या वहीवर येऊन पडला, तो न्यायला एक मुलगी धावत आली. मी तो लगेच दिला नाही. आधी तिचं नाव विचारलं, मग इयत्ता, मग दिला.

साच्याला हात लावला नाही. खोक्यावर "आठ वर्षांवरील" असं छापलं. खेळणं लॅबमधून पास झालं. स्नेहलने पहिल्या लॉटमधला एक ब्लास्टर मला आणून दिला, खोक्यावर स्वतःच्या हाताने तारीख लिहून. तो तुमच्या खोलीत कपाटावर ठेवला आहे. बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत, त्या गळतात.

नव्या रिव्ह्यूत मी माझी चूक लिहिली: तारीख नसलेला गेज वापरला. लिहायला सोपं गेलं नाही, पण दुसऱ्यांच्या चुका मी एकतीस वर्षं अशाच लिहिल्या.

मुदत संपलेला गेज कापून टाकायचा असतो, म्हणजे कोणी चुकून तो पुन्हा वापरत नाही. जुन्या कागदाच्या मागे मी तारीख घातली आणि लाल पेनने "वापरू नये" असं लिहिलं. कात्री काढली होती, ती परत ठेवली. कागद काचेखालीच आहे.

नव्या कागदावर दोन तारखा आहेत, काढल्याची आणि पुन्हा तपासायची. दुसरी जुलैमधली आहे, तेव्हा तुम्हाला सुट्टी असते. गेजची तपासणी फोटोवरून करत नाहीत. वस्तू समोर असावी लागते.