माझ्या नावाचं कात्रण

"वाच. मोठ्यानं वाच. समद्यांस्नी ऐकू जाऊ दे."

साहेबांनी कात्रण माझ्यापुढं टेबलावर भिरकावलं. साहेब म्हणजे आमच्या तालुक्याचे पुढारी. मार्केट यार्डातलं त्यांचं कार्यालय. पत्रकार परिषद. दहा-बारा पत्रकार, हातात पोह्यांच्या बशा. मी एकच प्रश्न विचारला होता. आमच्या बौद्ध वस्तीचा स्मशानाकडं जाणारा रस्ता कुठं आहे?

साहेबांनी उलट विचारलं, "तू कुणाची गं?"

आमच्याकडं या प्रश्नाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. बापाचं नाव नको असतं, जात हवी असते. मी वस्तीचं नाव सांगितलं. "आसं व्हय," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या माणसानं कपाटातून ते कात्रण काढून दिलं.

मी उभी राहून वाचलं. "साहेबांच्या अथक प्रयत्नांतून बौद्ध वस्तीला स्मशानभूमीपर्यंत पक्का रस्ता मिळाला. पिढ्यान्‌पिढ्यांचा वनवास संपला."

"खाली नाव कुणाचं हाय?"

मी माझं नाव वाचलं. एक जण हसला, मग सगळेच हसले. शेजारचा पत्रकार, माझ्याकडून दहादा आयत्या बातम्या नेलेला, तोही हसला. त्याच्या तोंडात पोह्यांचा घास होता.

"सवताच लिवायचं आन सवताच इचारायचं? तुमा लोकास्नी लिवाय शिकवलं, हितंच चुकलं आमचं. बस खाली."

मी बसले. लाज सांगायची तर पुरती सांगते. बसले, आणि समोरचा चहाही प्याले.

सांगलीच्या एका दैनिकाची मी तालुका प्रतिनिधी होते. आमच्या धंद्यात नेत्याची वाढदिवस पुरवणी म्हणजे वर्षाचा सण. पानभर फोटो, शुभेच्छांच्या जाहिराती आणि मधोमध गौरवलेख. तो लेख मी लिहायची. कामांची यादी साहेबांच्या कार्यालयातून मोबाईलवर यायची. मी ती उतरवून काढायची आणि वर विशेषणांचा पाक ओतायची. मागच्या यादीत आमच्याच वस्तीचा रस्ता होता. झालेला म्हणून.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. मी रोज त्याच वस्तीत भाकरी खात होते. वाटलं, मंजूर झाला असेल, होईल पावसाआधी. ओळ गाळली असती तर पुरवणी दुसऱ्याकडं गेली असती. मी ओळ ठेवली.

आईला वाचता येत नव्हतं. तरी ते पान तिनं ट्रंकेत जपून ठेवलं. कुणी आलं की काढायची, त्यावर बोट फिरवायची आणि मला विचारायची, "ह्यात तुजं नाव कुटं हाय गं?" मी दाखवायची. तेवढंच दाखवायची. वर काय लिहिलंय ते तिला कधी वाचून दाखवलं नाही.

भर पावसाळ्यात आई गेली. स्मशानाची पाऊलवाट साहेबांच्या चुलतभावानं नांगरून रानात घेतली होती. उसातून, गुडघाभर चिखलातून तिरडी न्यावी लागली. माझा भाऊ कुपवाडच्या कारखान्यात लोखंड उचलतो, पण तिथं त्याचा पाय रुतला आणि तिरडी कलली. आई चिखलात पडली. पांढरं कापड काळं झालं. चौघांनी तिला उचललं. मी तोंडावरचा चिखल माझ्या ओढणीनं पुसला. तिला पुन्हा आंघोळ घालायला मागं परतणं शक्य नव्हतं.

पंधरा दिवसांनी अर्ज घेऊन पंचायत समितीत गेले. कारकुनानं फाइल उघडली. "तुमच्या वस्तीचा रस्ता झालाय की. ह्यो बगा पुरावा." फाइलला माझं कात्रण टाचलेलं होतं.

तो प्रश्न घेऊनच मी परिषदेला गेले होते.

संध्याकाळी संपादकांचा फोन आला. "साहेब नाराज आहेत. जाऊन माफी मागा. पुरवणी तोंडावर आलीय, यंदाचा लेख जरा दणक्यात होऊ द्या."

"नाही लिहिणार."

"मग ओळखपत्र जमा करा."

दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन ओळखपत्र टेबलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भावाला घेऊन उसात गेले, आई पडली तिथं. चिखलात उभी राहिले. भावानं मोबाईल धरला. मी तेच कात्रण वाचलं, मोठ्यानं, नावासकट. मग म्हणाले, "हे मी लिहिलं. हे खोटं आहे. ह्याच रस्त्यात माझी आई चिखलात पडली."

दुपारपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. पत्रकारांच्या ग्रुपमधून मला काढलं. तोंडात पोह्यांचा घास घेऊन हसलेल्या त्या पत्रकारानं निरोप धाडला, "धंद्याची अब्रू घालवलीस." धंद्याला अब्रू होती, हे मला त्या दिवशी कळलं.

रस्ता अजून झालेला नाही. वस्तीतल्या बायका मला सरळ विचारतात, "तवा का गं लिवलंस?" त्यांनी मला माफ करावं, असं मी म्हणत नाही. पंचायत समितीतल्या फाइलला मात्र आता दुसरा कागद आहे. माझा जबाब, माझ्या सहीचा. पोच घेतली आहे.

परवा साहेबांची पुन्हा पत्रकार परिषद आहे. मला बोलावणं नाही. मी जाणार. तू कुणाची, असं विचारतील. आईचं नाव सांगणार, तिला कुठून नेलं ते सांगणार, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारणार. बस म्हणतील. बसणार नाही.