सत्तावन्न ओळींचा मॅक्रो

मॅक्रो मी शिकले ती चक्क रागाच्या भरात. लोणी काळभोरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षा विभागात क्लार्क होते. बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस, आणि पोचल्यावर दिवसभर गुणांचे तक्ते इकडचे तिकडे उतरवायचे. कॉम्प्युटर आला तरी काम तेच राहिलं, फक्त पेनाऐवजी माऊस आला.

त्यात आमच्या हेडक्लार्कचा नियम. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. ते लोणीचेच, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. कुठलाही कागद वाचल्याशिवाय विभागाबाहेर जायचा नाही, हा त्यांचा हट्ट. वाचायचा म्हणजे मी रजिस्टरातून रोल नंबर, नाव, गुण मोठ्याने म्हणायचे आणि भाऊंनी छापलेल्या कागदावर हिरव्या पेन्सिलीने टिक करायची. प्रत्येक वर्गाचं हेच. माझा घसा बसायचा. एका दुपारी वाचता वाचता इतकी वैतागले, की रजिस्टर आपटून सरळ कॉम्प्युटर लॅबमधल्या सरांकडे गेले आणि विचारलं, या कटकटीवर काही इलाज आहे का हो?

त्यांनी मला रेकॉर्ड करायचं बटण दाखवलं. ते दाबायचं, आपलं काम एकदा हाताने नीट करायचं आणि मग थांबवायचं. पुढच्या वेळी कॉम्प्युटर तेच काम तसंच्या तसं स्वतः करतो, त्यालाच मॅक्रो म्हणतात. मी शेवटच्या वर्षाच्या वर्गाचा मागच्या वर्षीचा तक्ता घेतला. सरासरी काढली, साठ टक्क्यांच्या वरची मुलं गाळून वेगळी केली, त्यांची यादी दुसऱ्या पानावर नेली. मग सगळं पुसून मॅक्रो चालवला. पडद्यावर आकडे आपले आपण पळाले आणि यादी तयार! मला इतका आनंद झाला, की शेजारच्या शिपाईमामांना बोलावून पुन्हा चालवून दाखवला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, मग आता तुम्ही काय करणार? हा पुणेरी टोमणा नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

त्या काळात हिंजवडीच्या आयटी कंपन्या आमच्यासारख्या आडबाजूच्या कॉलेजांतही येऊ लागल्या होत्या. त्या हिवाळ्यात पहिली मोठी कंपनी आली. साठ टक्क्यांवरच्या मुलांची यादी द्यायची, यादीत नाव असेल त्यालाच लेखी परीक्षेला बसू देणार. एरवी अर्ध्या दिवसाचं काम. मी बटण दाबलं, चहा घेऊन आले, तोवर यादी झालेली.

भाऊंनी सवयीने हिरवी पेन्सिल काढली. "वाचून घेऊ या का बाई? कितीसा टाइम लागतोय."

मी म्हटलं, भाऊ, माणसं चुकतात म्हणून वाचायचं असतं. हे माणसाने केलेलं नाही. त्यांनी पेन्सिल खिशाला लावली आणि ते जेवायला गेले. जिंकल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी फलकावर लागली. परीक्षा दहाला. साडेनऊच्या सुमारास खिडकीशी कुणीतरी आलं. मी हजेरीचे कागद लावत होते.

"मॅडम, माझं नाव दिसून नाही राहिलं."

बोलण्यावरून विदर्भातली मुलगी होती, एवढं कळलं. टक्के किती, विचारलं. सदुसष्ट म्हणाली. मी म्हटलं, यादी कॉम्प्युटरने काढलीय, त्यात नाव नाही म्हणजे तू बसत नाहीस, आणि खिडकीवर गर्दी करू नकोस. गर्दी कसली, ती एकटीच होती. ती निघून गेली.

दुपारी भाऊ रजिस्टर आणि यादी घेऊन स्वतःशीच पुटपुटत बसले होते. एकटेच वाचत होते बिचारे. शेवटी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. छप्पन्नाव्या मुलापर्यंत सगळं चोख होतं. त्यापुढच्या चौघांचा मॅक्रोने विचारच केला नव्हता. आमच्याकडे रोल नंबर आडनावाच्या क्रमाने देत, पण उशिरा प्रवेश घेतलेल्यांना सगळ्यांच्या खाली जोडत. ही चारही मुलं शेवटच्या फेरीत यवतमाळ, वाशिमकडून आलेली. चौघांत साठच्या वर एकटी तीच. सदुसष्ट.

मी पळतच हॉलकडे गेले. उत्तरपत्रिकांचं पाकीट बंद झालेलं. कंपनीचे गृहस्थ फार सभ्य होते. म्हणाले, मॅडम, यादी तर तुमच्याच कॉलेजची आहे.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं. रात्रभर ठरवलं होतं की खरं ते सांगायचं, आणि तोंडातून आलं काय, तर कॉम्प्युटरचा घोळ झाला गं. तिने विचारलं, मी बघू का? मी खुर्ची दिली. तिने मॅक्रो उघडला. मी तो कधीच उघडून बघितला नव्हता, मला फक्त बटण ठाऊक. दोन मिनिटांत तिने एका ओळीवर बोट ठेवलं. मागच्या वर्षी वर्गात छप्पन्न मुलं, वरती मथळ्याची एक ओळ, म्हणून मी सत्तावन्नाव्या ओळीपर्यंत माऊस ओढला होता. कॉम्प्युटरने तेवढंच पाठ केलं. या वर्षी मुलं साठ होती. तक्ता कुठे संपतो हे आधी शोधायला लावायचं असतं, असं म्हणत तिने तिथेच दुरुस्त करून दिलं. मी आपली शेजारी उभी.

"म्हणजे चूक माझीच," मी शेवटी म्हटलं. "कॉम्प्युटरची नाही."

"ते मला कळलं होतं मॅडम," ती म्हणाली. "माझी मार्कशीट हातात होती काल. तुम्ही वर पाह्यलंच नाही."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

प्राचार्यांना मी लेखी कळवलं. त्यांनी कंपनीला पत्र घातलं, उत्तर आलं नाही. महिन्याभराने दुसरी, लहानशी कंपनी आली. तिची यादी मॅक्रोनेच काढली आणि भाऊंना म्हटलं, पेन्सिल घ्या. मी सगळ्यात खालून वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव तिचं आलं. भाऊंनी टिक केली. मी तिचे टक्के रजिस्टरात पुन्हा एकदा बघितले आणि मग पुढचं नाव वाचलं.

त्या कंपनीने दोघांनाच घेतलं. त्यांत ती नव्हती. जूनमध्ये दाखला न्यायला आली तेव्हा मी खिडकीत न थांबता बाहेर गेले. दाखला दिला, पुढे काय करणार विचारलं. गावाकडे जाते आहे, मग बघू, म्हणाली, आणि वाकून नमस्कार करायला लागली. मी तिला मध्येच धरलं.

पहिल्या कंपनीत ती लागली असती का, कोण जाणे. पण पेपरला बसली तरी असती.