वायवर्णाचा आठवडा

कामोठ्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी वायवर्णाचं झाड होतं. मार्च सरताना ते जेमतेम आठवडाभर फुलायचं. पांढरी फुलं बघता बघता पिवळी पडायची आणि गळून जायची. महाप्याच्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या बतूल मुकादमला त्या बहराचा एक तरी मनासारखा फोटो हवा होता. पण कंपनीची बस उजाडता उजाडता यायची आणि घरी परतेपर्यंत अंधार पडायचा. गेल्या वर्षी रविवार येईपर्यंत झाडाखाली नुसता सडा उरला होता. यंदा मात्र तिनं हट्टानं रजा घेतली.

उन्हं वर येताच ती कॅमेरा घेऊन खाली उतरली, तर माणसं फुललेल्या फांद्या टेम्पोत भरत होती. सोसायटीचे सेक्रेटरी हरेश घरत शेजारी उभे होते.

"हरेशभाऊ, चार दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

"मॅडम, गाड्यांवर फुलं चिकटतात. रोज कम्प्लेंट. किती ऐकायचं आमी?"

भांडून फांद्या परत येणार नव्हत्या. भिंतीपलीकडे झुकलेली एकच फांदी कोयत्यातून सुटली होती. बतूल गटाराच्या कठड्यावर चढली आणि दातओठ खात त्या फांदीचेच फोटो काढत राहिली.

हरेशभाऊंनी मागून डोकावून पाहिलं. "मस्त आलाय. ग्रुपवर टाका ना, आपल्या सोसायटीचा म्हणून."

तिनं कॅमेरा बंद केला आणि जिना चढली. रजेचा अख्खा दिवस अजून बाकी होता आणि तिला खिडकीशीसुद्धा जावंसं वाटेना.