एक केस जाड

गुजराती मुलखात, बमरोलीत, माझं लेथचं दुकान आहे. कापडाच्या यंत्रमागांचे शाफ्ट बनवण्यात हात इतका बसलेला, की त्याचा मला माजच होता. एक गुजराती काका आले. हजीऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि बायको गेल्यापासून स्वतःच्या शिडाच्या होडीतच राहणारे. होडीचा पंखा फिरवणारा शाफ्ट झिजला होता. मी हसून म्हणालो, "त्यात काय मोठं, काका!"

आमच्या धंद्याची रीत अशी, की शाफ्ट एक केस जाड ठेवायचा आणि मागावर जाऊन घासत घासत बसवायचा. माग कुठे पळून जातो?

ओहोटीला होडी तापीच्या मुखाशी गाळात टेकली, तसे मी आणि मोठा भाऊ खाली उतरलो. जुना शाफ्ट ओढून काढला. होडीच्या बुडाला आरपार भोक उरलं. नवा घातला, तर बुशात, म्हणजे भोकात बसवलेल्या नळीत, बोटभर जाऊन अडला. घासला, घातला, पुन्हा अडला.

तापी मी जन्मापासून पाहतोय. पण आमच्या खानदेशातली तापी एकाच दिशेला जाते. इथे भरतीला ती उलटी येते हे ऐकून होतो, मनावर घेतलं नव्हतं.

"पानी उनं रे भाऊ!" मोठा भाऊ ओरडला.

पाणी आलंच होतं; घोट्याला होतं ते पोटऱ्यांवर चढलं. मी घाबरलो, सरळ सांगतो. पॉलिश पेपरचा लगदा झाला होता. वर होडीत काकांची गादी, स्टोव्ह, काकूंचा फोटो. मी गाळात उभा राहून तापीला शिव्या घालत होतो. दुसरं काय करणार?

काका वरून बघत होते. एका शब्दाने रागावले नाहीत. पाणी भोकाच्या काठाला लागायला आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "जूनी ज पाछी नाखी दो, भाई."

जुनाच परत घातला; तो झिजलेला शाफ्ट एका धक्क्यात आत गेला. काकांनी आतून बोल्ट आवळले. होडी गाळातून सुटली आणि आम्ही दोघे नवा शाफ्ट घेऊन काठावर आलो.

रात्रभर मला झोप नव्हती. सकाळी उठून शाफ्ट मापात आणला आणि ओहोटीच्या वेळी गेलो. होडी नव्हती. काका त्याच झिजलेल्या शाफ्टवर समुद्रात गेले, एक कोळी म्हणाला. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. काकांचा फोन तेव्हाही लागला नाही, अजूनही लागत नाही.

शाफ्ट दुकानाच्या कोपऱ्यात उभा आहे. आता तो अगदी बरोबर मापाचा आहे.